गुढीच्या मानाचं गुप्त मतदान

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५. सकाळी ७.१०

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. रागवायचं नाही. गोड बंद. लेकीशी, इप्सिताशी, फक्त मराठीत बोलायचं, ती जर्मनमध्ये उत्तर देत असली तरी.

काल यशोधनचं लग्न झालं. हेनिंग नावाच्या माणसाशी. इथे ब्राउनश्वाइगच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी लग्नकचेरीत. मला आमंत्रण होतं. नुसतं आमंत्रण नाही, डिसेंबरात घरी येऊन तो म्हणाला होता की काका, साक्षीदार म्हणून सही तुम्ही करा. मी कॅलेंडर बघून सांगतो म्हणालो. काल सर्दी होती.

मालिनी आणि इप्सिता गेल्या. मालिनी औक्षणाचं ताट घेऊन गेली. सरकारी कचेरीत निरांजन लावलंत तर धुराचा अलार्म वाजेल, असं मी बजावलं होतं. वाजला नाही म्हणे. यशोधनच्या आईला सांगलीला व्हिडिओ पाठवला. त्या घरी दोन वर्षं त्याचं नाव काढत नाहीत. आईने तासाभराने मालिनीला फोन केला आणि एवढंच विचारलं की तो बारीक झालाय का. बायको चांगली तासभर डोळे पुसत होती. मी फ्रिजमधली खिचडी खाल्ली. गार. वैताग.

रविवार, ९ फेब्रुवारी

माझा विरोध नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको.

माझा आक्षेप पद्धतीला आहे. या देशात असं लग्न कायदेशीर केलं २०१७ साली, एका शुक्रवारी सकाळी, संसदेत, तासाभरात. जनतेला विचारलं का? मला विचारलं का? (तेव्हा मी नागरिक नव्हतो, हा मुद्दा वेगळा.) आयर्लंडमध्ये लोकांनी मतदान केलं. स्वित्झर्लंडमध्ये केलं. इथे आपले परस्पर हात वर. शिसारी येते.

आणि यशोधनबद्दल माझ्या मनात काही नाही. सात वर्षांपूर्वी पीएचडीला आला तेव्हा घर मिळेना म्हणून चार महिने आमच्या वरच्या खोलीत राहिला. मी त्याला कचऱ्याचे चार डबे शिकवले. त्याने आमच्या मसाल्याच्या डब्यांवर नावं लिहून चिकटवली. अजून आहेत. अक्षर भयंकर. प्रत्येक 'ह'ला खाली मुरडलेली शेपटी, पालीची असावी तशी. बदलायच्या आहेत त्या चिठ्ठ्या.

बुधवार, १२ फेब्रुवारी. रात्रीच्या गोळीनंतर

ब्लडप्रेशर १५८. कारण खाली.

इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष सुलेखाताईंचा व्हॉट्सॲप मेसेज: यंदा पाडव्याच्या गुढीचा मान यशोधन आणि हेनिंग यांना! पुढे फुलं, फुगे, टाळ्या. खाली चव्वेचाळीस अंगठे. मी अंगठा दिला नाही. लोकांच्या लक्षात आलं असणार.

नियम असा आहे की त्या वर्षात सगळ्यात अलीकडे लग्न झालेलं जोडपं मंडळाची गुढी उभारतं. हा नियम २०१६ साली सेक्रेटरी असताना मीच आणला. त्याआधी मानावरून दोन डॉक्टर कुटुंबं तीन वर्षं एकमेकांना नमस्कार करत नव्हती. मी म्हटलं, नवं जोडपं, विषय संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम ठराव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काठी मात्र दरवर्षी मी धरतो. आणि गुढीवरचा तांब्या माझ्या घरचा असतो, आजीचा. हेही लोकांनी लक्षात ठेवावं.

रविवार, १६ फेब्रुवारी

पुढच्या रविवारी निवडणूक. जर्मन नागरिक झाल्यावर माझं पहिलं मत. घरात रोज टीव्हीवर वादविवाद. चार माणसं, चौघं एकदम बोलतात, मधली बाई घड्याळ बघते. लग्न कोणाशी, मुलांना कोण वाढवणार, कोणी काय म्हणायचं, आणि हीटिंगचं काय. किळस आली. शेवटपर्यंत बघितलं.

कोणता पक्ष आपल्या विचारांचा हे सांगणारी एक सरकारी वेबसाइट आहे. अडतीस प्रश्न. मी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. पहिल्या नंबरावर सायकलवाल्यांचा पक्ष आला. परत केलं. परत तोच. इप्सिता मागे उभी होती. हसली. कॉम्प्युटर बंद केला.

रविवार, २३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.४०

मत दिलं. सूट घालून गेलो. मतदान केंद्रावर कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढचा माणूस चपलेत होता, बर्फात. लोकशाहीची काय ही अवस्था.

पण त्या पडद्यामागे उभा असताना अंगावर काटा आला, हे मान्य करतो. पेन्सिल, कागद, आणि आपण. कोणी बघत नाही. माणूस खरं काय ते तिथेच लिहितो. तोंडावर अंगठे देणारे चव्वेचाळीस लोक पडद्यामागे काय लिहितील?

कल्पना सुचली आहे. उद्या लिहितो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

लिहायला दोन दिवस उशीर, कारण काम चालू होतं. मंडळाच्या घटनेप्रमाणे कोणीही सभासद लेखी ठराव मांडू शकतो. त्याला अनट्राग म्हणतात. माझा अनट्राग गेला. रजिस्टर्ड पोस्टाने, सुलेखाताई समोरच्या गल्लीत राहतात तरी.

प्रश्न एकच: गुढीचा मान फक्त स्त्री-पुरुष दांपत्यालाच द्यावा का? होय किंवा नाही.

सोबत अटी. मतदान गुप्त. मोबाइलवरचा फॉर्म चालणार नाही, हॅक होतो. प्रत्येकाने कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचं, मराठीत, देवनागरीत. पाडव्याच्या दिवशी, ३० मार्चला सकाळी बरोबर दहा वाजता दार बंद. उशिरा येणाऱ्याला मत नाही, मग तो कोणी का असेना. आपल्या लोकांना ही शिस्त लावल्याशिवाय भागायचं नाही. सगळे बारा वाजता येतात आणि पार्किंग मिळालं नाही म्हणतात.

रात्री जेवताना सांगितलं. मालिनीने आमटी वाढली. इप्सिता 'पाइनलिश' म्हणाली. म्हणजे लाजिरवाणं. आठवड्यात चौथ्यांदा. मी मराठीत बोल म्हणालो. ती ताट उचलून वर गेली.

रविवार, २ मार्च

भाषणासाठी अभ्यास. जनतेला विचारलं की जनता काय म्हणते, हे आकड्यांनी दाखवायचं.

आयर्लंड: बासष्ट टक्के बाजूने. स्वित्झर्लंड: चौसष्ट. ऑस्ट्रेलिया: एकसष्ट आणि वर थोडं. हे देश गाळायचे, परिस्थिती वेगळी आहे. स्लोव्हेनिया: त्रेसष्ट टक्के विरोधात! उठून चहा केला. परत येऊन वाचलं तर सात वर्षांनी तिथल्या कोर्टाने सगळं फिरवलं. चहा गार झाला.

रोमानिया सगळ्यात वाईट. तिथे लोकांनी सह्या गोळा करून मतदान मागितलं, दोन दिवस केंद्रं उघडी ठेवली, आणि लोक गेलेच नाहीत. एकवीस टक्के. रद्द. मतदान मागायचं आणि त्या दिवशी घरी बसायचं. असल्या माणसांचा मला विलक्षण तिटकारा आहे.

शनिवार, ८ मार्च

मंडळातला आत्माराम भेटला, बाजारात. पूर्ण पाठिंबा. तो म्हणतो, सगळ्यांच्या मनातलं तुम्ही बोललात श्रीरंगराव, पण नाव कुठे घेऊ नका. अशीच आणखी बावीस माणसं आहेत. मी यादी केली आहे. सभासद सेहेचाळीस. म्हणजे तेवीस पक्की, मी चोविसावा. बहुमत.

दुपारी मसाल्याच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या. डबे गरम पाण्यात बुडवले. सगळ्या निघाल्या, हळदीची सोडून. नखाने खरवडलं, नख मोडलं. राहू दे. नव्या चिठ्ठ्या उद्या छापतो.

रात्रीच्या भाजीत धने-जिऱ्याऐवजी मेथीपूड. डब्यांवर नावं नसल्याने झालं, असं मालिनी म्हणाली. कडू. सगळं संपवलं.

बुधवार, १२ मार्च

मतं मोजायला दादाराव हवेत. मंडळात एकच माणूस आहे ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास. बौद्ध आहेत, गुढीला हात जोडत नाहीत, पण सभागृहातल्या ऐंशी खुर्च्या वर्षानुवर्षं तेच मांडतात आणि तेच उचलतात. नोकरी वेळेच्या संस्थेत. अख्ख्या जर्मनीची वेळ या गावातून निघते, ती तिथे. सेकंदाचा हिशेब ठेवणारा माणूस मतांचा नीट ठेवेल.

त्यांच्या घरी गेलो. अर्धा तास समजावलं की प्रश्न तत्त्वाचा आहे, बहुमत म्हणजे बहुमत. त्यांनी ऐकून घेतलं. चहा संपवला. मग म्हणाले:

"आमच्या गावात विहीर एकच होती, श्रीरंगराव. गयाबाईला, म्हणजे माझ्या आजीला, पाणी भरू द्यायचं का यावर तेव्हा गावाने गुप्त मतदान घेतलं असतं, तर तुमच्या बहुमताने ती मरेपर्यंत नदीवर गेली असती. मी मतं मोजून देतो. पण मी काय मोजतोय ते मला माहीत आहे."

विषय काय, हे गेले विहिरीवर. सुशिक्षित माणसंसुद्धा मुद्दा सोडून बोलतात.

मोजायला तयार झाले, हे महत्त्वाचं.

गुरुवार, १३ मार्च

ती विहीर डोक्यातून जात नाही. दादारावांनी असं बोलायला नको होतं.

मंगळवार, १८ मार्च

आपला कार्यक्रम चर्चच्या सभागृहात असतो. विचार केला, जागा धर्माची, धर्माच्या माणसाचं मत घ्यावं. पाद्रीणबाईंची वेळ घेतली. कोण दोघं गुढी उभारणार ते सांगितलं आणि आपल्या आवारात हे चालेल का, असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

बाई उठल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि अभिनंदन केलं. तुम्ही मुलाचे वडील का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, मुलाच्या कार्यक्रमाची एवढी काळजी करता म्हणून वाटलं. मग केक दिला. आवारातल्या झाडाला गुढी टेकवलीत तरी चालेल, असं वर सांगितलं.

केक खाल्ला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. गोड उद्यापासून बंद.

शनिवार, २२ मार्च

यशोधन आला होता. एकटा. दरवर्षी पाडव्याआधी तो तांब्या घासायला नेतो, लिंबू आणि मीठ लावून. मी सांगितलं, यंदा मतदानाचा निकाल लागेपर्यंत तांब्या माझ्याकडे राहील. त्याने मान हलवली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. डबे बघितले. एकावरच चिठ्ठी.

दारात बूट घालताना म्हणाला:

"मतदान घ्या काका, माझं काही म्हणणं नाही. हरलो तर आम्ही दोघं मागे उभे राहू. फक्त काठी तुम्ही धरा. आई-बाबा येणार नाहीत. तुम्ही तरी."

हा भावनिक दबाव आहे. प्रचाराच्या काळात हे आचारसंहितेत बसत नाही. मी म्हणालो, कॅलेंडर बघून सांगतो.

मालिनीला वाटतं मी दुष्ट आहे. मी फक्त पद्धतशीर आहे.

रविवार, २३ मार्च

मोजणी: एकोणतीस पक्की.

पुढच्या रविवारी हे लोक पुन्हा सगळी घड्याळं एक तास पुढे करणार. उन्हाळी वेळ. मी करणार नाही. २०१८ साली युरोपने ऑनलाइन कौल घेतला होता, घड्याळं फिरवणं थांबवायचं का म्हणून. मीही दिला. शंभरातले चौऱ्याऐंशी म्हणाले, थांबवा. काय झालं? काही नाही. जनतेच्या तोंडाला पानं पुसली. तेव्हापासून माझ्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ, माझं मनगटी घड्याळ आणि माझा फोन, तिन्ही जनतेच्या वेळेवर चालतात. सोमवारी ऑफिसला निघताना मनात एक मिळवायचा, की झालं. आपोआप पुढे जाणारं एक घड्याळ मालिनीने वाढदिवसाला दिलं होतं. ते तळघरात आहे.

दादारावांना हे एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, वेळ आम्ही बनवत नाही, फक्त पाळतो.

शनिवार, २९ मार्च. रात्री ९

चौतीस पक्की. भाषण अकरा पानी. तांब्या मीच घासला. लिंबू जास्त झालं, डाग पडलेत. लांबून दिसणार नाहीत.

उद्या निकाल लागला की मोठेपणा दाखवायचा. यशोधनला जवळ बोलवायचं, पाठीवर हात ठेवायचा, म्हणायचं, व्यक्तिगत काही नाही रे. आणि मग काठी मीच धरायची. दोन्ही साधेल.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा. सकाळी ८.४०

मालिनी आणि इप्सिता कधीच गेल्या. एवढ्या लवकर जाऊन काय करणार, खुर्च्यांना दादाराव आहेत. मी दाढी करत होतो. जाताना मालिनी दाराशी थांबून म्हणाली, घड्याळ बघा. बघितलं. साडेसात.

आंघोळ, कोल्हापुरी फेटा (तीन प्रयत्न), भाषण एकदा आरशासमोर. उत्तम. आवाज लागला आहे. सव्वानऊला निघतो. पंधरा मिनिटं आधी दारात उभं राहायचं, उशिरा येणाऱ्यांचे चेहरे बघायला.

त्याच दिवशी. दुपारी ३

शांतपणे लिहितो.

माझ्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते. सभागृहाबाहेर चिटपाखरू नाही. मनात म्हटलं, आपले लोक, दहा मिनिटं राहिलीत आणि एक गाडी नाही. मग पाहिलं तर पार्किंग भरलेलं. मग वळलो आणि आवारातल्या झाडाजवळ गुढी दिसली. उभी. मालिनीची हिरवी साडी, साखरेची माळ, आणि तांब्याच्या जागी हेनिंगच्या आजीचं तांब्याचं दुधाचं भांडं उपडं.

आत जाऊन मी ओरडलो की सभेआधी गुढी हा घटनेचा भंग आहे. माझ्या हातात पिशवी होती, पिशवीत तांब्या. ऐंशी खुर्च्यांवरची माणसं श्रीखंड-पुरी खात होती. सगळे थांबले. दादाराव उठून आले आणि त्यांचं मनगट माझ्यापुढे धरलं.

दहा बावन्न.

दार बरोबर दहाला बंद झालं. बंद केलं आत्मारामने. यशोधन म्हणे उभा राहून म्हणाला की काका येतीलच, दहा मिनिटं थांबू. तेव्हा आत्मारामनेच माझी अट वाचून दाखवली, 'मग तो कोणी का असेना' यासकट. सगळ्यांना पटली. माझ्या अटी चांगल्याच लिहिलेल्या असतात.

एकोणचाळीस सभासद हजर. नाही: अडतीस. होय: एक.

भाषण झालं नाही. श्रीखंड खाल्लं. दोनदा. काठी कोणी धरली ते विचारलं. हेनिंगने. आणि तो वर चढला ती खुर्ची दादारावांनी. गुढी जराशी उजवीकडे कललेली आहे, हे मी एकट्यानेच पाहिलं.

सोमवार, ३१ मार्च

काल लिहिलं ते वाचलं. निराश होण्याचं कारण नाही. मी हजर असतो तर दोन झाली असती. म्हणजे शंभर टक्के वाढ.

मुख्य म्हणजे ते एक मत. दबावाखाली, अडतीस माणसांच्या मध्ये बसून, एकाने 'होय' लिहिलं. त्या माणसाला सलाम.

सकाळी आत्मारामचा फोन: ते एक माझंच हो, श्रीरंगराव. दार बंद करावं लागलं, नाहीतर संशय आला असता. त्याचे आभार मानले. अकरा वाजता यादीतल्या सातव्या नंबरच्या गृहस्थांचा फोन. ते एक त्यांचं. चार वाजता एक बाई. त्यांचंही तेच. एका मताचे तीन मालक. चौतीस पक्की म्हणे.

पण तिघंही खोटं बोलतायत. मला माहीत आहे ते मत कोणाचं. सव्वीस वर्षांचा संसार आहे. वरून बोलत नाही, पण शेवटी नवऱ्याचा शब्द. रात्री मालिनीला म्हणालो, मला कळलं बरं का, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने माझ्याकडे गळक्या नळाकडे बघावं तसं बघितलं. मी विचारलं, मत काय दिलंस? म्हणाली, गुप्त आहे. अट तुमचीच.

लाजते.

बुधवार, २ एप्रिल. रात्री ८

ठराव मांडणाऱ्याला मतपत्रिका तपासायचा अधिकार आहे. तशी अटही मीच घातली होती. दादाराव ऑफिसमधून परस्पर आले, लिफाफा दिला. आत या म्हणालो. नको म्हणाले, सावकाश बघा. त्यांच्या तोंडावर विजय वगैरे काही नव्हता. त्याचाच जास्त त्रास झाला.

डायनिंग टेबलावर मांडल्या. एकोणचाळीस कागद. अडतीस वेळा नाही. आत्मारामचा लगेच ओळखला, तिरपं अक्षर. नाही. सातव्या नंबरचे, नाही. त्या बाई, नाही, आणि शेजारी एक फूल.

मालिनीचा. तिचं वाण्याच्या यादीतलं अक्षर मी झोपेत ओळखेन. नाही. खाली रेघ. रेघेखाली आणखी एक रेघ.

एक कागद वेडावाकडा. 'ना' मोठा, 'ही' खाली घसरलेला, डोक्यावरची रेघ द्यायची राहिली आणि मग नंतर वरून ओढलेली. इप्सिता. अठरा वर्षांत तिने आपणहून मराठीत लिहिलेला पहिला शब्द. नाही.

आणि मग तो एक. होय.

'ह'ला खाली मुरडलेली शेपटी.

कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि हळदीच्या डब्याशेजारी धरला. दिवा लावून परत बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

प्रश्न समजला नसेल, असं आधी वाटलं. पीएचडी आहे त्याची. मग वाटलं, वरमून लिहिलं असेल, चूक कळली असेल. हेही मला पटेना, आणि मला बहुतेक गोष्टी पटतात. तो दार उघडं ठेवा म्हणाला होता. आत्मारामने ठेवू दिलं नाही. मग त्याने खुर्च्यांवरच्या सगळ्यांचे चेहरे पाहिले असतील. मला किती मिळणार ते त्याला दिसलं असेल.

शून्य फार वाईट दिसलं असतं.

गुरुवार, ३ एप्रिल. सकाळी ६

झोप नाही. स्वतःचीच शिसारी येते आहे. हे वाक्य खोडणार होतो. ठेवतो.

गुरुवार, ३ एप्रिल. संध्याकाळी

मसाल्याचे डबे मांडले. चिठ्ठ्या छापायच्या राहिल्याच आहेत. ते काम मला जमणारं नाही, अक्षर बरं असलेल्या कोणाकडून तरी करून घ्यायला हवं.

यशोधनला मेसेज लिहिला. आधी लांब होता. खुलासा, पद्धत, रोमानिया. पुसला. मग पाठवला: 'रविवारी जेवायला या. दोघं. डब्यांवर नावं घालायची आहेत. बारा वाजता.'

दोन मिनिटांत उत्तर आलं: 'येतो काका. कोणाच्या घड्याळाचे बारा?'

स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं. बॅटरी तशीही बदलायला झाली होती. बदलली, आणि परत लावताना काटा एक तास पुढे केला. मालिनी दारातून बघत होती. स्टूल धरायला आली.